डबक्याची चाकरी

बागेत पक्ष्यांसाठी पाणी ठेवणं हे पुण्यकर्म आहे असं ज्यांनी पसरवलं, त्यांनी ते भांडं कधी घासलेलं नसावं. माझ्या लेखी ही सरळसरळ नोकरी आहे. साहेब मुठीएवढे आणि पगार शून्य.

फसगत खरेदीपासूनच होते. नजर जाते ती उंच खांबावरच्या, कमळाच्या आकाराच्या, झिलई दिलेल्या खोलगट भांड्यावर. ते माणसांसाठी घडवलेलं असतं. पक्ष्याला हवं असतं डबकं! काठाला दोन-अडीच सेंटिमीटर पाणी, मध्ये फार तर पाच, आणि उतार इतका हलका की चालतचालत आत शिरता यावं. मी सरळ भांड्यात तर्जनी उभी धरतो. दोन पेरांपेक्षा जास्त बुडत असेल तर तो हौद. असा हौद आधीच घरी आला असेल तर तळाशी पसरट दगड रचावेत. झिलईवर पाय घसरतो, पत्रा उन्हात तापतो. सिमेंटचं खडबडीत भांडं चांगलं, पण नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो, म्हणून आधी चार-सहा दिवस पाणी बदलत भिजत ठेवावं. माझं मत मात्र मोठ्या कुंडीखालच्या मातीच्या ताटलीला. चाळीसेक सेंटिमीटर रुंद, खरखरीत, झिरपून गार राहणारी. दिसायला अगदीच सामान्य, पण वापरणाऱ्यांची तक्रार नाही.

मग जागा. झुडपाला खेटून ठेवलं तर मांजराची सोय होते, उघड्यावर मधोमध ठेवलं तर पक्षी बिचकतात. ओल्या पंखांनी जड उडावं लागतं, त्यामुळे दोन-तीन मीटरवर एखादी फांदी हवीच. ती भांड्याच्या वर मात्र नको. का ते दुसऱ्या दिवशी पाण्यात दिसतंच. दाण्याची थाळीही लांब, नाहीतर टरफलांची आमटी होते. दुपारी सावली पडावी. खांबाचं भांडं असेल तर खाली फरशी घालून पाणसळ लावून बघावं; मऊ मातीत खांब कलतो आणि एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र.

इतकं करून साहेब लगेच येतील अशी आशा नको. आठवडे जातात. घाई असेल तर बाटलीच्या बुडाला टाचणीने भोक पाडून ती वर टांगावी. ठिबकणारं पाणी त्यांना लांबून कळतं.

ते आले की चाकरी सुरू. नुसतं वरून पाणी घालत राहणं हा आळशांचा उपाय. विष्ठा आणि डासांच्या अळ्या तशाच राहतात. उबदार हवेत अंड्यातून डास उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून दर दुसऱ्या दिवशी सगळं पाणी मातीत ओतायचं. डासांसाठी तेलाचे थेंब टाका असं सांगणाऱ्याला चहाही देऊ नये. ते तेल पिसांना लागतं आणि पिसं पाणी धरू लागतात. साबणही नको, तो पिसांचं स्वतःचं तेल काढतो. आठवड्यातून एकदा एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, ताठ ब्रश, भरपूर विसळणं आणि उन्हात खडखडीत वाळवणं. सिमेंटला व्हिनेगर खातं, तिथे गरम पाणी आणि मनगट. पिसं फुगवून मलूल बसलेला पक्षी दिसला, तर भांडं धुऊन दोन आठवडे उपडं. पाण्यातून रोग पसरतात.

बदल्यात काय, तर बघायला मिळतं. चिमणी चोचभर पाणी घेऊन मान वर करते, तेव्हा कुठे ते घशाखाली उतरतं. कबुतर मात्र चोच बुडवून सरबत प्यावं तसं ओढत राहतं. कावळा वाळका तुकडा आणतो, भिजवतो, निम्मा खातो आणि उरलेला माझ्यासाठी सोडून जातो.

आणि भांडं घासून, वाळवून, दोन पेरं मोजून भरून मागे वळावं, तर चिमण्यांची टोळी खाली उतरलेली असते. शेवटचं विसळलेलं पाणी जिथे साचलंय, त्या फरशीशेजारच्या खळग्यात. पंख थरथरवत, चिखल उडवत.