किलोचा भाव लिहायला काय हरकत आहे?

भांडण लागलं ते तेलाच्या पिशव्यांवरून. नागपूरच्या लक्ष्मीनगरात आठ रस्ता चौकाजवळ रविवारी सकाळी आमची बैठक असते. तर्री-पोहे झाले की चहा येतो आणि चहाबरोबर विषय. या खेपेला विषय सिस्टर घेऊन आल्या. मेडिकलमधून, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून, निवृत्त झालेल्या या बाईंना अख्खा चौक सिस्टरच म्हणतो. त्यांनी थैलीतून फल्ली, म्हणजे शेंगदाणा तेलाच्या दोन पिशव्या काढून बाकावर ठेवल्या. दोन्ही सारख्याच उंच, सारख्याच फुगलेल्या. एकीवर १ लिटर आणि खाली बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम. दुसरीवर नुसतं ८५० ग्रॅम.

"ही एकशे नव्वदची, ही एकशे अठ्ठ्याहत्तरची. बारा रुपये वाचले म्हणून ही दुसरी पण उचलली. आता सांगा, स्वस्त कोणती?"

सरांनी, म्हणजे आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांनी, चहा बाजूला ठेवला. लिटरची पिशवी किलोला २०८ रुपये ७९ पैसे पडली आणि 'स्वस्त'वाली २०९ रुपये ४१ पैसे. फरक पैशांचाच आहे, पण उलटा आहे.

"याच्यासाठी एवढा कल्ला काऊन?" मिहान या उद्योग-वसाहतीत नोकरी करणारा आमचा सगळ्यात लहान मेंबर म्हणाला. "फोन काढायचा, भागाकार करायचा. पाच सेकंदांचं काम आहे."

"तू कर बे पाच सेकंदांत," सिस्टर उखडल्याच. "मी एका हाताने चष्मा धरून राहिली, दुसऱ्या हातात पिशवी, मागून ट्रॉलीवाली म्हणून राहिली 'काकू, सरका ना.' आणि भागाकार एका वस्तूचा नाही. तेल, डाळ, साबण, चायपत्ती, सगळ्यांचा करायचा. मी दुकानात सामान घ्यायला जाते का परीक्षेला?"

मला सिस्टरचं म्हणणं शंभर टक्के पटतं आणि ते तिथेच बोलूनही दाखवलं. वस्तूची किंमत गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या कळली पाहिजे. ती कळण्यासाठी हिशेब करावा लागत असेल, तर किंमत छापलेली असूनही लपलेली आहे.

सरांचं म्हणणं होतं की पूर्वी ही वेळच यायची नाही. पाकीटबंद मालाचे २०११चे जे नियम आहेत, त्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत काही वस्तूंची मापं बांधून दिलेली होती. डाळ घ्यायची तर १००, २०० किंवा ५०० ग्रॅम, नाहीतर १, २, ५ किलो. तेलाचंही तसंच. त्यामुळे दोन कंपन्यांची अर्ध्या किलोची पाकिटं शेजारी ठेवली की किंमत पाहून निवाडा व्हायचा. २०२१च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. आता ८५० घाला, ७७५ घाला, आकडा पाकिटावर लिहिला की झालं.

"पण त्याच्या बदल्यात युनिटचा, म्हणजे एका मापाचा, भाव छापायची सक्ती केली ना," मिहानवाल्याने बरोबर पकडलं. "एमआरपीच्या बाजूला असतो. तुम्ही वाचतच नाही."

इथे सरांनी सगळ्यांना गप्प केलं, आणि माझ्या मते सकाळची खरी चर्चा इथून पुढची. नियम असा आहे की पाकीट एक किलोच्या वरचं असेल तर भाव किलोला छापायचा आणि एक किलोच्या आतलं असेल तर ग्रॅमला. म्हणजे एकाच फळीवर दोन किलोच्या पाकिटावर किलोचा भाव आणि शेजारच्या ९०० ग्रॅमवर ग्रॅमचा. तुलना करायला दिलेला आकडा, आणि मापच दोन. वरून तो दोन दशांशांपर्यंत छापायचा. सरांनी पेपरच्या कोऱ्या कडेला मांडून दाखवलं: ९०० ग्रॅम डाळ १४९ रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ०.१६५५, छापणार ०.१७. दुसऱ्या कंपनीची ८०० ग्रॅम १३९ रुपयांना, म्हणजे ०.१७३७, छापणार तेही ०.१७. दोन्ही पाकिटांवर भाव एकच. किलोवर आणा, तर पहिली १६५ रुपये ५६ पैसे आणि दुसरी १७३ रुपये ७५ पैसे. किलोमागे आठ रुपयांच्या वर फरक, आणि तो नियम पाळूनच गायब झालेला! कोणीही खोटं छापलेलं नाही. ग्रॅमचा भाव पूर्ण पैशांत लिहायचा म्हटलं की किलोमागे दहा रुपयांपर्यंतचा फरक त्या एका आकड्यात मावतो. आपल्याकडे डाळीचा भाव ग्रॅमला कोण विचारतो? इतवारीच्या बाजारात विचारून पाहा.

मिहानवाला पेपर हातात घेऊन बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "आणि हा भाव एमआरपीवर काढलेला आहे. सुपरमार्केट तर एमआरपीत विकतच नाही. एकावर दहा टक्के सूट, दुसऱ्यावर तीस, तिसऱ्यावर एकावर एक."

खरंच की. कायद्याने जबाबदारी टाकली पाकीट भरणाऱ्यावर. दुकानाने फळीला चिकटवलेल्या पट्टीवर किलोचा भाव लिहावा अशी सक्ती नाही. युरोपीय संघात १९९८च्या निर्देशानुसार दुकानदाराला विक्रीच्या किमतीसोबत किलोचा किंवा लिटरचा भाव दाखवावा लागतो. सूट दिली की तो भावही बदलतो. मला वाटतं आपल्याला हवं ते नेमकं हेच आहे. सुपरमार्केटच्या कॉम्प्युटरात वजन आहे, किंमत आहे, पट्टी छापायचं यंत्रही आहे. अडचण काहीच नाही.

आतापर्यंत गप्प बसलेल्या किराणावाल्या भाऊंना राहवलं नाही. चौकापासून दोन गल्ल्या आत त्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळपासूनचं. "म्हणून सांगतो, माझ्याकडे या. डाळ सुटी, भाव किलोचा, पाटीवर खडूने लिहिलेला. दोनशे पाहिजे दोनशे देतो, पावणेतीनशे पाहिजे पावणेतीनशे. काटा दर वर्षी वजनमापवाल्यांकडून तपासून घेतो. आणि सुट्या डाळीवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटावर पाच टक्के लागतो, मग तुम्ही तो देऊन ही पन्नी काऊन घेता?"

"भाऊ, तुमच्याबद्दल नाही बोलत मी," सिस्टर म्हणाल्या, आणि आवाज जरा खाली आला. "पण सुट्या तुरीच्या डाळीत लाखोळीची डाळ मिसळलेली आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. खडे निवडता निवडता माझ्या सासूबाईंचे डोळे गेले. पाकिटावर निदान कोणी भरलं त्याचं नाव-पत्ता आहे, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, तारीख आहे. आणि दुसरं सांगू? किराणा दुकानात मला घाई करतात. 'काय देऊ ताई, लवकर बोला.' सुपरमार्केटमध्ये मी अर्धा तास फिरते, वस्तू हातात घेते, परत ठेवते, कोणी बोलत नाही. कमाई माझी आहे, पाहून घ्यायचा हक्क नाही का मला?"

यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते मान्यही केलं. मी स्वतः वर्षाचा तांदूळ आणि गहू उन्हाळ्यात कट्ट्याने, म्हणजे पोत्याने, घेतो आणि उरलेलं सामान पाकिटातून, त्यामुळे 'सुटंच चांगलं' असं म्हणणं मला जमणार नाही. नागपूरच्या पावसाळ्यात सुट्या रव्याला किती दिवसांत पोरकिडे लागतात ते घरोघरी माहीत आहे. पाकीट हवंच आहे. फक्त त्याने खरं आणि सोपं बोलावं.

भाषेचं तर बोलायलाच नको. नियमाप्रमाणे पाकिटावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. मराठी छापलं तर हरकत नाही, पण छापाच असं कोणी म्हणत नाही. प्रत्यक्षात बहुतेक पाकिटांवर इंग्रजीच. भाऊंच्या आई मराठी पेपर अख्खा वाचतात, पण माल शिळा की ताजा हे सांगणारी तारीख त्यांना नातवाला विचारावी लागते. ती तारीखही कुठे असते? पाकिटाच्या जोडावर, चुण्यांमध्ये, ठिपक्याठिपक्यांच्या शाईने, जी बोट लागलं की पुसते. 'इथे फाडा' लिहिलेल्या कोपऱ्यावर सगळ्यांनी आपापलं दुःख सांगून घेतलं. कात्रीशिवाय ते पाकीट कोणाच्याच घरी उघडत नाही.

मी तेलाचा मुद्दा परत काढला, कारण तो अर्धवट राहिला होता. तेल गरम झालं की पसरतं. काही कंपन्या पिशवीवर लिटरसोबत तापमान छापायच्या, कधी ६० अंशांपर्यंत, म्हणजे तेवढ्याच लिटरात तेल वजनाने कमी. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमान काढा आणि लिटरसोबत वजनही लिहा. सिस्टरच्या पिशवीवरचे ९१० ग्रॅम सरांच्या हिशेबाला कामी आले ते त्यामुळे. म्हणजे सांगितलं की होतं. म्हणूनच मी हट्ट धरला की नुसतं बोलून उठायचं नाही, लिहायचं.

लिहायचं कोणाला, यावर पुन्हा जुंपली. सिस्टर म्हणाल्या, १९१५ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. मिहानवाला म्हणाला, तिथे तक्रार नियम मोडल्याची चालते, इथे तर नियमच वाकडा आहे, तो दिल्लीतच बदलेल. सरांनी दोन पत्रांचा तोडगा काढला. एक दिल्लीला ग्राहक व्यवहार विभागाला: पाकीट केवढंही असो, भाव किलोचा किंवा लिटरचाच छापा, आणि डाळ, तेल, चहा यांची बांधलेली मापं परत आणा. दुसरं आमच्या भागातल्या सुपरमार्केटच्या मॅनेजरला: फळीवरच्या पट्टीवर सूट वजा करून उरलेल्या किमतीने किलोचा भाव लिहा, कायदा नसला तरी लिहा.

"आणि बिलाच्या वेळी मोबाइल नंबरसाठी अडून बसू नका, हेही घाला," सिस्टर म्हणाल्या. २०२३च्या मे महिन्यात केंद्राने दुकानदारांना तसं बजावलेलं आहे, हे मिहानवाल्याने लगेच सांगितलं.

भाऊ म्हणाले, दुसऱ्या पत्रावर ते सही करणार नाहीत, सुपरमार्केटने भाव नीट लिहिला तर त्यांचं गिऱ्हाईक आणखी तुटेल. सरांनी त्यांना तेवढ्यापुरतं सोडलं. पहिल्यावर मात्र भाऊंची सही सगळ्यांच्या वर आहे.