‘दर दुसऱ्या कास्टला गुंता’ या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज दुकान उघडल्या उघडल्या काउंटरवरच्या मुलाला त्याबद्दल विचारलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मासेमारीसाठी पहिलं बेटकास्टर (कास्ट करताना ज्याचा स्पूल स्वतः फिरतो ते रील) घ्यायला आलात, ३ ते ५ ग्रॅमचे ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, मारायचे आहेत असं सांगितलंत, आमच्या माणसाने ‘ऑलराउंडर आहे, सगळं चालतं’ म्हणत एक रील हातात ठेवलं, आणि पाण्यावर गेल्यावर दर दुसऱ्या कास्टला, म्हणजे फेकीला, लाईनचा गुंता. परत करायला आलात तर ‘वापरलेलं रील घेत नाही’. म्हणून एक तारा, आणि वर ‘बेटकास्टर म्हणजे निव्वळ फसवणूक’.

मुलगा म्हणतो, ग्रॅमचा विषय निघालाच नाही. तुम्ही म्हणता, दोनदा सांगितलं. मी तुमचं खरं धरतो, कारण विषय निघाला नसेल तर तो काढणं हे त्याचंच काम होतं. पहिलं बेटकास्टर मागणाऱ्याला आधी विचारायचं असतं की सगळ्यात जास्त कास्ट किती ग्रॅमचे मारणार. ब्रँड, बेअरिंग, रंग हे सगळं त्यानंतर. तो प्रश्न आमच्याकडून राहिला, ही आमची चूक.

तुम्ही नेलंत तेच मॉडेल शेल्फवरून काढलं, बाजूचं झाकण उघडलं आणि स्पूल (दोरी, म्हणजे लाईन, गुंडाळायचं चाक) काट्यावर ठेवला. रिकामा १७ ग्रॅम. बिलावर १२ पौंडी मोनो (१२ पौंड ताण सोसणारी नायलॉनची लाईन) १०० मीटर लिहिली आहे, ०.३३ मिलिमीटर जाडीची. तिचे जवळपास १० ग्रॅम होतात. म्हणजे तुमच्या ४ ग्रॅमच्या ल्युअरला दर कास्टला २७ ग्रॅमचं चाक ओढून फिरवायचं होतं. स्पिनिंग रीलमध्ये ही कटकट नाही, तिथे स्पूल जागेवर उभा आणि लाईन कडेवरून सुटत जाते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो. ल्युअर हलका, म्हणून माणूस आपोआप जोर लावून झटका देतो. स्पूल एकदम वेग घेतो, ल्युअर हवेत लगेच मंदावतो, पण जड स्पूल काही मंदावत नाही. लाईन बाहेर जायच्या वेगापेक्षा आतून जास्त सुटायला लागली की झाली गुंतवळ. ब्रेक पूर्ण आवळला तर ल्युअर चार हातांवर पडतो, सैल केला तर गुंता. मधलं काही सापडत नाही, आणि नव्या माणसाला वाटतं आपलाच हात वाईट. तुमचा हात वाईट नाही, वजनाचा मेळच बसत नव्हता.

आता याच्या शेजारी हलक्या ल्युअरसाठी बनवलेलं, ज्याला सगळे बीएफएस (बेट फिनेस सिस्टिम) म्हणतात ते रील ठेवून बघा. स्पूल उथळ, व्यास २८ ते ३२ मिलिमीटर. काट्यावर ठेवलेला आमच्याकडचा एक ८ ग्रॅम भरला. त्यावर ६ पौंडी फ्लुरोकार्बन लाईन ५० मीटर भरली तर तिचे जेमतेम ३ ग्रॅम. एकूण ११. शिवाय व्यास लहान असला की तेवढंच वजन फिरवायलाही सोपं जातं, कारण मध्यापासून लांब असलेला प्रत्येक ग्रॅम जास्त त्रास देतो. व्हिडिओत २ ग्रॅमचा जिगहेड (वजनदार डोकं असलेला गळ) सहज मारणाऱ्यांच्या हातात हे असतं. पुष्कळदा बेअरिंगही बदललेले असतात, ते व्हिडिओत सांगायचं राहून जातं.

‘११ बेअरिंग सांगितले आणि स्पूल तरी मोकळा फिरत नाही’ हे तुमचं दुसरं गाऱ्हाणं. बॉक्सवरचा आकडा मलाही आवडत नाही. कास्टला स्पूल ज्यांवर फिरतो ते दोन-तीन बेअरिंग महत्त्वाचे, बाकीचे हँडलच्या मुठीत आणि गिअरपाशी बसलेले असतात. स्पूलच्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस असेल तर ते पुसून पातळ तेलाचा एकच थेंब टाकायचा. एकच. दुरुस्तीला येणाऱ्या रीलांत तेलाच्या आंघोळी घातलेली मी जास्त पाहतो.

‘८.१ चा गिअर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे ८.१ फेरे) गळ्यात मारला’ हे मात्र मला पटत नाही. नुसत्या गुणोत्तरावरून वेग कळत नाही, स्पूलचा घेर बघावा लागतो. तुमचा ३४ मिलिमीटरचा स्पूल भरलेला असताना ८.१ ने एका फेऱ्याला साधारण ८६ सेंटिमीटर लाईन गोळा करतो. २८ मिलिमीटरचा स्पूल त्याच गिअरने ७१. जिगहेड उडवत आणताना मधली ढील पटकन गोळा करायला वेगवान गिअर बरा पडतो. बारीक क्रँकबेट (ओढल्यावर डुलत पोहणारा ल्युअर) सावकाश ओढायचा असेल तर जरा त्रास होतो, पण मूठ हळू फिरवता येते. यात मुलाचं काही चुकलं नाही.

तुम्ही टाकलेला गुंत्याचा फोटो मोठा करून बघितला. ब्रेकची डायल २ वर आहे, आणि ल्युअर रुंद पोटाचा, हलका, हवेत कोलांट्या खाणारा. १० पैकी २ वर पहिल्या दिवशी मीसुद्धा मारणार नाही, विशेषतः वारा समोरून असेल तर. डायल ८ वर ठेवून सुरुवात करा. टेन्शनचा नॉब (हँडलच्या बाजूचा, स्पूलचा अक्ष दाबणारा) इतकाच आवळा की स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवला तर खटखट होऊ नये. सराव ७ ते १० ग्रॅमच्या आटोपशीर, सरळ उडणाऱ्या वजनाने करा, आणि झटका न देता रॉड वाकू देऊन सोडा. ल्युअर पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलवर आलाच पाहिजे, त्याला कुठल्याही किमतीच्या रीलमध्ये पर्याय नाही. एक जुनी युक्तीही सांगतो: तुमच्या सगळ्यात लांब कास्टएवढी लाईन बाहेर काढा, वर चार-पाच मीटर अजून, मग स्पूलवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून लाईन परत गुंडाळा. गुंता झालाच तर पट्टीच्या खाली जात नाही.

फोटोत स्पूलच्या कडेला एक ओरखडा दिसतोय. गुंता चाकूने कापला असावा असा माझा अंदाज आहे. पुन्हा तसं करू नका. अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा पुढे फिरवा, मग लाईन सावकाश ओढा. बरेच गुंते एवढ्यावर सुटतात.

‘मग मला बीएफएसच का नाही दिलं?’ असं तुम्ही विचारलंय. मी काउंटरवर असतो तरी अगदी पातळ, भोकाभोकांचा स्पूल असलेलं महागडं मॉडेल पहिल्यांदाच्या माणसाला दिलं नसतं. लाईन कमी मावते, मोठा मासा पळाला की ५० मीटर बघता बघता संपतात, आणि ३ ग्रॅमवर बेटकास्टर शिकणं त्यावरही सोपं नाही. मी दिलं असतं ते मधलं: उथळ स्पूल, ३२ मिलिमीटरच्या आसपास, वजन १० ग्रॅमच्या आत-बाहेर, ब्रेकची डायल बाहेरून फिरवता येईल अशी. ते ५ ग्रॅम नीट मारतं, हात बसल्यावर ४ सुद्धा. ३ आणि त्याखाली तुमचं जुनं स्पिनिंगच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

आता परतीचं. वापरलेलं रील परत न घेण्याचा नियम आमचा आहे आणि तो राहील. पण माल आम्ही योग्य दिला हे त्यात गृहीत आहे, आणि इथे तसं झालेलं नाही. रील घेऊन या, पूर्ण बिलाची रक्कम दुसऱ्या रीलमध्ये वळती करून देतो. ओरखड्याचे पैसे कापणार नाही. बदली नको असेल तर तेच रील साफ करून त्यावर बारीक लाईन भरून देतो, ७ ग्रॅमच्या वर ते उत्तम चालेल.

येताना रॉड आणि ल्युअरचा डबा दोन्ही आणा. रॉडच्या मुठीजवळ ल्युअरचं वजन छापलेलं असतं. तिथे ७ ते २१ ग्रॅम असं काही लिहिलेलं निघालं तर ४ ग्रॅमला तो रॉड वाकणारच नाही, आणि नुसतं रील बदलून मी तुम्हाला दुसऱ्यांदा चुकीचा माल दिल्यासारखं होईल.