मर्यादा कागदावर, बोअरची गाडी आमच्या बांधावर

परवा रात्री अकरा वाजता परत बोअरची गाडी आली. आमच्या बांधाला लागून, आमच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर, मोजलीयत मी. रात्रभर तो कॉम्प्रेसर धडधडत होता, पांढरा फुफाटा उडून आमच्या कांद्याच्या रोपावर बसला, पोरं झोपली नाहीत, म्हैस दावं ओढत होती आणि मी ओट्यावर बसून नुसती ऐकत राहिले, की आता किती फुटावर गेले असतील. पहाटे चारला गाडी थांबली. सकाळी कळलं ६४० फूट, पाणी दीड इंच. पेढे वाटले त्यांनी. आमच्या घरी पण आणून दिले. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेढा हातात घेतला आणि काहीच बोलले नाहीत. ते पाणी कुठलंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही, आमची ४५ फुटी विहीर त्यांनी स्वतः सुरुंग लावून खोदलीय.

आणि मला कुणी सांगू नका की ६४० फुटावरचं पाणी वेगळं आणि ४५ फुटावरचं वेगळं. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन बेसाल्टची, काळ्या पाषाणाची. या दगडात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगा-फटींमध्ये, खाली काही समुद्र लागत नाही. बोअरला केसिंग टाकतात वरचे वीस-चाळीस फूट, माती ढासळू नये म्हणून. त्याखाली बोअर उघडाच असतो. वाटेत जेवढ्या भेगा लागल्या तेवढ्यांचं पाणी त्या भोकात उतरतं. म्हणजे माझ्या विहिरीला ज्या फटीतून झरा येतो तीच फट बोअरने कापली की झरा माझ्याकडे येणार कसा? हे पाणी खालून काढलेलं नाही, माझ्या बाजूचं खाली ओढून नेलेलं आहे.

मी तीन वर्षं झाली दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजते, वहीत लिहिते. पहिल्या वर्षी मार्चपर्यंत मोटर दोन तास चालायची. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी. यंदा जानेवारी संपायच्या आत अर्ध्या तासात मोटरच्या पाइपच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो. या तीन वर्षांत आमच्या शिवारात किती नवीन बोअर झाले ते पण लिहिलंय, फक्त मला ओढ्याच्या अलीकडे दिसतात तेवढे, अकरा.

ही वही घेऊन मी मागच्या महिन्यात तालुक्याच्या ऑफिसात गेले. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही कारण दुसऱ्या ऑफिसात गेले असते तरी हेच झालं असतं. मी म्हटलं साहेब, कायदा आहे ना, महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९, शेतीसाठी आणि कारखान्यासाठी ६० मीटरच्या खाली बोअर मारायचा नाही असं त्यात लिहिलंय, म्हणजे साधारण २०० फूट, मग आमच्याकडे ६००-७०० फुटांचे बोअर उघड उघड होतायत ते कुणी थांबवायचे? साहेब म्हणाले, "ताई, तुमचा पाणलोट सेफमध्ये येतो."

सेफ! माझी विहीर जानेवारीत कोरडी, गावात मार्चपासून टँकरची मागणी जाते, आणि कागदावर आम्ही सेफ. तेव्हापासून डोकं शांत झालेलं नाही माझं.

हे सेफ कसं ठरतं तर पूर्ण पाणलोटाचा हिशोब करून. वर्षाला जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्याच्या किती टक्के आपण उपसतो, ७० टक्क्यांपर्यंत असेल तर सेफ, मग अंशतः शोषित, मग ९० च्या वर शोषित, १०० च्या पुढं गेलं की अतिशोषित. राज्याचे असे दीड हजारांहून जास्त पाणलोट पाडलेत. पद्धत वाईट नाही, मी तसं म्हणतच नाही, कुठून तरी मोजायला सुरुवात करायलाच लागते. पण आमच्या एका पाणलोटात वरच्या अंगाला डोंगर आणि माळ आहे, तिथं कुणी विहीरच घेत नाही, आणि खालच्या अंगाला धरणाचा कालवा आहे, तिथल्या विहिरी मे महिन्यात पण तुडुंब. आणि मध्ये आम्ही. तिघांची सरासरी काढली की आम्ही सुखी. एकाचे पाय चुलीत आणि डोकं बर्फात ठेवून अंग कोमट आहे म्हणण्यासारखं झालं हे. भेगांमधलं पाणी डोंगराकडून माझ्या विहिरीत चालत येत नाही हो, बेसाल्टमध्ये या ओढ्याचं पाणी त्या ओढ्याला मिळत नाही. मर्यादा ठरवायची असेल तर ती या पातळीवर ठरवा ना, ओढ्याओढ्याला, गावागावाला.

आणि गावाचा हिशोब काही अवघड नसतो. समजा १,००० हेक्टरचं गाव, पाऊस ५०० मिलिमीटर, आमच्यासारख्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात चांगल्या वर्षी तेवढाच होतो. म्हणजे आभाळातून आलं ५,००० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. त्यातलं समजा दहा टक्के जमिनीत मुरलं, ५०० टीसीएम. आता गावात दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे झाले ४०. गुराढोरांचं थोडं धरा. उरले ४५०. पाटाने दारं धरून केलेल्या उसाला हेक्टरी २० टीसीएम लागतं. म्हणजे अख्ख्या अडीच हजार एकरांच्या गावात ५५ एकर ऊस झाला की पाणी संपलं! एका वाड्यावरचे चार भाऊ मिळून एवढा ऊस करतात. तेच पाणी कांद्याला धरलं तर सव्वादोनशे एकर भिजतं. ठिबकवर ऊस केला तर आकडा सुधारतो हे मान्य, पण ठिबकवाल्यांनी वाचलेलं पाणी जमिनीत ठेवलं असं मी तरी पाहिलेलं नाही, वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावतात.

हा हिशोब सातवीतलं पोरगं करतं. आमच्या पंचायतीच्या भिंतीवर तो ऑइल पेंटने रंगवलेला पण आहे, पाण्याचा ताळेबंद म्हणून, किती आलं, किती लागतं, किती तूट. तूट लाल रंगात. त्या भिंतीला टेकून माणसं बोअरच्या गाडीवाल्याशी फुटाचा भाव ठरवतात. तूट दिसली तर पुढं काय करायचं, कुणी किती उपसा कमी करायचा, हे त्या भिंतीवर कुठंच नाही. मग ती भिंत रंगवली कशाला? घरात खर्चाचा हिशोब लिहायचा, तूट आली की लाल रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी परत उधारी करायची, याला कोण संसार म्हणेल?

बरं, कायद्यात पुढचं पण सगळं लिहिलंय. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणी वापराची योजना, त्यानुसार पीक आराखडा. लिहिणाऱ्यांनी विचार करून लिहिलंय. २००९ चा कायदा, अंमल सुरू झाला २०१४ ला, नियमांचा मसुदा आला २०१८ ला. आणि दुसऱ्या बाजूला १८८२ चा इंग्रजांच्या काळचा सुविधाधिकाराचा कायदा, त्यात जमीन ज्याची त्याच्या खालचं पाणी त्याचं, तो मात्र प्रत्येकाला तोंडपाठ आहे. वाचलेला कुणीच नाही, पण "माझ्या रानात मी पाताळात जाईन" हे वाक्य गावात पाच वर्षांचं पोरगं पण बोलतं. पाणी सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं, ते बांध बघून थांबत नाही, एवढी साधी गोष्ट पटवायला किती वर्षं लागणार आहेत?

आणि सरकारचा एक हात म्हणतो पाणी जपा आणि दुसरा हात उपसायला मदत करतो, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत. शेतकऱ्याला मदत नको असं मी म्हणणार नाही, आम्ही पण तीच वीज वापरतो. पण बिल शून्य म्हटल्यावर मोटर बंद करायला कोण उठेल? मीटर नाही, रीडिंग नाही, कोण किती ओढतो कुणालाच माहिती नाही. त्यात सौर पंप आले, रात्रीचं दारं धरायला जाणं वाचलं, साप-विंचवाची भीती गेली, फार मोठी गोष्ट आहे ती, पण पंप देताना त्या विहिरीत पाणी किती आणि शेजाऱ्याचं काय हे कोण बघतं? सूर्य उगवला की पंप सुरू, मावळला की बंद, मधे गरज असो नसो.

शेततळ्याचं तर बोलायलाच नको. शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला असतं. आमच्याकडे पावसाळा संपला की तळ्यात बोअरचं पाणी सोडतात. ३० बाय ३० चं तीन मीटर खोल तळं म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर, खाली प्लॅस्टिक, एक थेंब परत जमिनीत जाणार नाही. जमिनीच्या पोटात सावलीला असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढायचं, उन्हात पसरायचं आणि त्याला एकट्याचं करायचं. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर वाफ होते, म्हणजे एका तळ्यातून दिवसाला सहा-सात हजार लिटर नुसतं हवेत. आणि त्याच्या खालच्या वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. हे बघून ज्याचं रक्त उकळत नाही त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

ज्यांनी परवा बोअर मारला त्या अण्णांवर माझा राग आहे, नाही असं नाही. पण त्यांना मी सकाळी तोंडावर विचारलं, अण्णा, आमची विहीर गेली हो. ते खाली बघत म्हणाले, "सूनबाई, मी नाही मारला तर पलीकडचा मारणारच, मग माझी डाळिंबं वाळायची का?" आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते खरंय. आज अण्णांनी थांबायचं ठरवलं तर त्यांनी वाचवलेलं पाणी उद्या पलीकडचा उपसणार. जो थांबतो तो मूर्ख ठरतो. बळी तो कान पिळी, आणि इथं बळी म्हणजे ज्याला आणखी शंभर फुटाचं कर्ज मिळतं तो. अण्णांनी पण सोसायटीचं कर्ज थकवून हा बोअर मारलाय, याआधीचे दोन फेल गेलेत, ते पण मला माहितीय. म्हणूनच मर्यादा सगळ्यांना एकदम पाहिजे, आम्हाला धरून. एकट्याच्या शहाणपणाने पाणी वाचत नाही, हे ज्याने एकदा करून बघितलंय त्याला विचारा, म्हणजे आम्हाला. मामांनी दोन वर्षं एक एकर पडीक ठेवलं, पाणी धरावं म्हणून. ते पाणी कुठं गेलं ते सांगितलंच.

होत नाही म्हणायला पण जागा नाही. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअर मारायचा नाही, ऊस लावायचा नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत ठरतं की रब्बीत काय पेरायचं. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथं पाण्याची वाटणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस बंद, आणि भूमिहीनाला पण वाटा. पन्नास वर्षं झाली याला! प्रत्येक भाषणात या गावांची नावं घेतात, बसगाड्या भरून बघायला नेतात, फोटो काढतात आणि परत येऊन आपल्या गावात बोअरचं उद्घाटन करतात.

मला काय पाहिजे ते सांगते, फार नाही. ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी व्हायच्या आत, गावाला आकडा द्या की यंदा एवढंच पाणी उपसायचं. मेमध्ये विहिरी आटल्यावर अहवाल नको, त्याने काय फक्त रडायचं? आधी पिण्याचं बाजूला काढा. उरलेलं वाटा, आणि वाटताना ज्याच्या बोअरला जास्त पाणी त्याला जास्त असं नको, नाहीतर ज्याने आजवर जास्त लुटलं त्याचाच वाटा कायमचा मोठा होईल. फळबागावाल्यांना एका वर्षात बाग तोडा म्हणू नका, तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणा, पण तारीख लिहून द्या. पाऊस कमी झाला तर आकडा कमी, जास्त झाला तर जास्त, हे पण आधीच सांगा. आणि बोअरच्या गाड्या सीमेवरून रात्री येतात त्या अडवा, एका गाडीला अडवलं तर शंभर शेतकऱ्यांच्या मागं फिरायला लागत नाही.

साहेबांनी माझी वही बघितली सुद्धा नाही. "खाजगी नोंद आहे, ती चालत नाही" म्हणाले. सरकारची निरीक्षण विहीर आहे आमच्या गावात, वर्षातून चार वेळा माणूस येऊन मोजतो, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. ती विहीर कालव्याच्या अंगाला आहे.

येत्या ग्रामसभेला मी वही घेऊन जाणार आहे. अण्णांना पण सांगितलंय, चला माझ्याबरोबर, तुमच्या तीन बोअरचे फूट आणि पैसे तुमच्या तोंडाने सांगा. ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. आज एक तारीख, सकाळी दोरी सोडली. दगड कोरडा वर आला.