‘निर्दोष माणूस खून कबूल करेलच कशाला?’

गुन्ह्यांवरच्या डॉक्युमेंटरींचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फॉरवर्ड होतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सार असं: ‘बारा ज्युरींनी दोषी ठरवलेला माणूस नेटफ्लिक्सच्या दहा भागांत निर्दोष होतो. अहो, निर्दोष माणूस खून कबूल करेलच कशाला? फॉरेन्सिक विज्ञान खोटं बोलत नाही. वरच्या कोर्टांनीही शिक्षा कायम केलेली असते. करुण संगीत लावून खुन्यांना सोडवायचा हा धंदा आहे.’

करुण संगीताचं मान्य. नेटफ्लिक्सच्या ‘मेकिंग अ मर्डरर’चे दहा भाग मी दोन रात्रींत संपवले आणि एका तरुणीच्या खुनात दोषी ठरलेल्या स्टीव्हन एव्हरीला अडकवलंय अशी स्वतःची खात्री करून घेतली. मग कळलं, की त्या तरुणीच्या गाडीच्या बॉनेटच्या खटक्यावर त्याचा डीएनए सापडल्याचा पुरावा ज्युरीपुढे आला होता. मालिकेने तो गाळला. चिडचिड झाली. एवढ्यावरून एव्हरी दोषीच असं ठरत नाही, पण आपल्याला अर्धीच फाईल दाखवली होती एवढं नक्की ठरतं. हा गुण मेसेजवाल्यांना. बाकीची विधानं मात्र टिकत नाहीत, आणि कबुलीचं तर त्याच खटल्यात कोसळतं.

एव्हरीचा भाचा ब्रेंडन डॅसी तेव्हा सोळा वर्षांचा होता. १ मार्च २००६ ला याच खुनाबद्दल त्याची चौकशी झाली तेव्हा जवळ ना आई, ना वकील. तरुणीच्या डोक्यात गोळी लागली होती हे अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते त्याच्या तोंडून हवं होतं. तिच्या डोक्याला आणखी काय केलंत, असं ते विचारत राहिले आणि पोरगं अंदाज बांधत गेलं. केस कापले. ठोसा मारला. गळा चिरला. शेवटी एक अधिकारीच म्हणाला, बरं, आता सरळच विचारतो, तिच्या डोक्यात गोळी कोणी घातली? मग त्याने तेही सांगितलं. एवढं सगळं बोलून झाल्यावर मुलाने विचारलं, अजून किती वेळ लागेल, शाळेत सहाव्या तासाला मला प्रोजेक्ट द्यायचाय. आपण जन्मठेपेची कबुली देऊन बसलोय याचा त्याला पत्ताच नव्हता. यातलं एक अक्षरही डॉक्युमेंटरीवाल्यांनी रचलेलं नाही, ते पोलिसांच्याच चित्रीकरणात आहे. २०१६ मध्ये एका न्यायाधीशाने ही दोषसिद्धी रद्द केली, २०१७ च्या डिसेंबरात वरच्या कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती पुन्हा कायम केली.

हा अपवाद म्हणावा, तर न्यूयॉर्कचं १९८९ चं सेंट्रल पार्क प्रकरण आहे, बागेत धावायला गेलेल्या तरुणीवरच्या बलात्काराचं. पकडलेली पाच पोरं १४ ते १६ वर्षांची, त्यांतल्या चौघांची कबुली व्हिडिओवर. डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळत नव्हता, आणि हे खटल्याच्या वेळीच माहीत होतं. तरी शिक्षा झाली. २००२ मध्ये तुरुंगातल्या दुसऱ्याच एका कैद्याने गुन्हा कबूल केला आणि डीएनए त्याचा निघाला. तासन् तास कोंडलेल्या माणसाला ‘सांगून टाक आणि मोकळा हो’ हेच खरं वाटू लागतं. इंग्रजांना आपल्या पोलिसांची कला चांगली ठाऊक असावी, कारण पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध धरायची नाही, असं त्यांनी १८७२ च्या पुरावा कायद्यातच लिहून ठेवलं.

आता विज्ञान. ते खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याच्या नावाने साक्ष देणारी माणसं ऐकीव गोष्टी बिनदिक्कत सांगतात. टेक्ससमधल्या कॉर्सिकाना गावात डिसेंबर १९९१ मध्ये एका घराला आग लागली. तीन लहान मुली गेल्या, बाप कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम वाचला आणि खुनाचा आळ त्याच्यावरच आला. जमिनीवर ओतल्यासारखे जळके डाग होते, खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. ज्वालाग्राही द्रव ओतून आग लावल्याची ही खूण, असं आगीच्या तपासनिसांनी सांगितलं. पिढ्यान् पिढ्या ते हेच शिकत आले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला होता. तिथल्या जळक्या घरांत कोणी काही ओतलेलं नव्हतं, तरी काही काचांवर तशाच भेगा सापडल्या. प्रयोगशाळेत पाहिलं तर तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तशा भेगा पडतात. म्हणजे ती खूण बंबाच्या पाण्याची! जमिनीवरचे डागही, खोलीतलं सगळं सामान एकदम पेट घेतं तेव्हा आपोआप पडू शकतात. हे सांगणारा तज्ज्ञाचा अहवाल फाशीच्या आधीच गव्हर्नरकडे पाठवला होता. १७ फेब्रुवारी २००४ ला विलिंगहॅमला मृत्युदंड दिला गेला.

केसांचंही तसंच. सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून आरोपीविरुद्ध साक्ष दिलेले जुने खटले एफबीआयने पुन्हा तपासले. २०१५ मध्ये आकडे आले तेव्हा अशा २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये तज्ज्ञाची साक्ष सदोष निघाली होती.

वरच्या कोर्टांबद्दल थोडक्यात. अपिलात सहसा पाहतात ते खटला नियमाने चालला का, एवढंच. माणसाने गुन्हा केला का हे नव्याने कोणी तपासत बसत नाही. ‘मी निर्दोष आहे’ हा दावा एकट्याच्या बळावर, राज्यघटनेचा भंग दाखवल्याशिवाय, संघीय कोर्टात दिलासा मिळायला पुरत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हेरेरा खटल्यात म्हटलं.

रँडल डेल ॲडम्सच्या बाबतीत हेच झालं होतं. १९७६ मध्ये डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि सोळा वर्षांच्या डेव्हिड हॅरिसने बोट ॲडम्सकडे दाखवलं. ॲडम्सला फाशी ठोठावली गेली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा उलटवली, पण कारण होतं ज्युरी निवडतानाची चूक. गव्हर्नरने लगेच जन्मठेप करून टाकली आणि फेरखटला टळला. गुन्ह्याला कोणी हात लावलाच नाही. तो लावला एरल मॉरिसने, ‘द थिन ब्लू लाइन’ या १९८८ च्या डॉक्युमेंटरीत. तिच्या शेवटी पडद्यावर फक्त एक टेपरेकॉर्डर दिसतो, कारण त्या दिवशी कॅमेरा बिघडला होता. ॲडम्स निर्दोष आहे याची इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर हॅरिसचा आवाज सांगतो, मला ठाऊक आहे म्हणून. १९८९ मध्ये ॲडम्स सुटला.

मेसेजच्या भाषेत बोलायचं तर इथे ‘सोडवलेला खुनी’ कोण? ॲडम्स आत असतानाच, १९८५ मध्ये, बाहेर असलेल्या हॅरिसने आणखी एकाचा जीव घेतला. त्या खुनासाठी २००४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. डॅलसच्या पोलिसाच्या खुनाचा खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही.