दुसरा भाग रटाळ नाही, मामा

नाशिकच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. धाकट्या मामांच्या मुलीला जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करायचंय. थोरल्या मामांचं निदान तयार आहे: ‘सैराटने पोरं बिघडवली.’ जोडीला सिनेमाचं परीक्षणही आलं. गाणी फर्स्टक्लास, पण मध्यंतरानंतर रटाळ, आणि शेवट उगाच अंगावर येणारा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे सिनेमावर मत ठोकणं हा नाशिककराचा जन्मसिद्ध हक्कच. पण इथे स्टुटगार्टमध्ये बसून मला नेमकं उलटं वाटतं.

गाण्यांबद्दल वाद नाही. अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केलं, तरी ती व्हायोलिनं करमाळ्याच्या रानात उपरी वाटत नाहीत. चारही गाणी मध्यंतराआधीच संपतात. त्यानंतर दिग्दर्शक नागराज मंजुळे एकही गाणं देत नाहीत, आणि अगदी शेवटी तर आवाजच काढून घेतात. मामा ज्याला रटाळ म्हणतात, ते हे.

घर सोडून परक्या मुलखात राहिलेल्या माणसाला मात्र तो भाग रटाळ वाटणं कठीण आहे. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, जातीबाहेरच्या परश्याबरोबर पळून आल्यावर, हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या खोलीत नाक मुठीत धरून राहते. भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, प्रेम केलंय म्हणून आईची आठवण थांबत नाही. परश्या संशय घेतो, हात उचलतो, ती निघून जाते, परत येते. गाण्यातला परश्या आणि हा परश्या एकच, हे दाखवायला वेळ लागतो आणि मंजुळे तो घेतात. मी नोकरी आणि व्हिसा घेऊन आलो, माझ्या मागावर कोणी नव्हतं, तेव्हा तुलना करायची नाही. पण घरी फोन लागल्यावर समोरचा आवाज ऐकून घशाशी काय येतं, ते मला ठाऊक आहे. आर्चीचा घात तिथूनच सुरू होतो; शेवटी माहेरचेच येऊन दोघांचा जीव घेतात.

दोष आहेत. हैदराबादेत दोघांना आसरा देणारी सुमनअक्का अगदी ऐनवेळी हजर होते आणि जरा जास्तच चांगली निघते. पहिल्या भागात स्लो मोशनचा हात सैल सुटलाय. आर्चीच्या आईच्या वाट्याला तर फारसं बोलणंच नाही. पण खरी अडचण गाण्यांचीच आहे: ती इतकी चांगली आहेत की सिनेमा सोडून एकटीच फिरतात. इथे गणपतीत ‘झिंगाट’वर नाचणाऱ्यांत लग्नाच्या स्थळांत पोटजातीचा रकाना भरणारे आईबापही असतात. 2018 साली हिंदी ‘धडक’ आला, कथा उदयपूरला गेली, जात पातळ झाली, ‘झिंगाट’ मात्र टिकलं.

‘तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?’ मामांचा हा प्रश्न बिनतोड नाही, पण टाकाऊही नाही. इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात कागद तपासतात, जात नाही. मला भावकीत तोंड दाखवायचं नसतं, उद्याच्या लग्नकार्यात मागच्या रांगेत बसायचं नसतं. धाकट्या मामांना ते रोज आहे.

तरीही पोरं सिनेमाने बिघडली, हे पटत नाही. 2013 साली नाशिकमध्येच एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा गळा आवळून जीव घेतला. तेव्हा सैराट यायला तीन वर्षं होती. त्या खुनानंतर जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली, आणि 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. ‘शेवट उगाच’ म्हणणाऱ्या नाशिककराला हे आठवायला हवं. आमच्या घरात तसं कोणी नाही, हे सांगायला नको. पण ग्रुपवर ‘तिचा फोन काढून घ्या’ असं लिहिणारे निघालेच.

‘तूच समजाव तिला,’ असं थोरल्या मामांनी काल लिहिलं. मी उलट त्यांनाच सिनेमा पुन्हा बघायला सांगितलंय, मध्यंतरापासून. त्यांचं उत्तर आलेलं नाही. धाकट्या मामींनी अंगठा दिलाय.