‘ज्याला बरं व्हायचंय तो गोळी विसरत नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

फिटच्या आजाराची मोठी माणसं मधेच गोळ्या सोडतात, त्याला पैशापेक्षा मनातली कारणं पुष्कळदा जास्त जबाबदार असतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. म्हणणं थोडक्यात असं: गोळ्या महाग, तालुक्याला मिळत नाहीत, बेळगावला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि मन-बिन हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे. “ज्याला बरं व्हायचंय तो गोळी विसरत नाही.” वर “ताई, डॉक्टर नसताना लोकांना शहाणपण शिकवू नका” हा आहेर.

आधी सुराबद्दल बोलते. मतभेद असेल तर खुशाल लिहा, मी छापते, तुमचंही छापलंच आहे. पण ‘खूळ’ हा शब्द ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनीही वाचला. ‘बाहेरचं झालंय’, ‘कुणाची तरी नजर आहे’ असलं ऐकत ती माणसं जगतात. भांडण तुमचं माझ्याशी होतं, लागलं त्यांना. आणि ‘ताई’ म्हणून सुरुवात करून पुढे जे लिहिलंत ते समोर बसून बोलला असतात का, हे एकदा स्वतःला विचारा.

मजुरी बुडते हे खरं. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला भर पावसात बेळगाव गाठणं सोपं नाही, तेवढं मान्य. किमतीचं म्हणाल तर फेनोबार्बिटोनसारखी जुनी औषधं आजही स्वस्त आहेत. वर्षाला ५ डॉलर इतक्या कमी खर्चातही उपचार होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो विषय माझ्यापुरता इथे संपला.

आता ते वाक्य. अहो, विसरणं हा पुष्कळदा या आजाराचाच भाग असतो. मोठ्यांमध्ये फिट अनेकदा मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठते, आणि आठवणी साठवण्याचं कामही तिथेच चालतं. त्यात काही औषधांनी सुस्ती येते. सकाळची गोळी घेतली की नाही हे अशा माणसाला दुपारी खरोखर आठवत नाही. त्याला ‘तुला बरंच व्हायचं नाही’ म्हणणं म्हणजे लंगड्याला ‘तुला चालायचंच नाही’ म्हणण्यासारखं आहे.

आणि जो विसरत नाही, जाणूनबुजून सोडतो, त्याचं काय? त्यालाही बरं व्हायचंच असतं. ब्रिटनमधल्या रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की माणूस औषध घेताना मनात दोन गोष्टी ताडून बघत असतो: मला याची गरज किती, आणि याची धास्ती किती. वर्षभर फिट आली नाही की गरज वाटेनाशी होते. एखाद दिवशी गोळी चुकते, काही होत नाही, आणि ‘बघा, गोळीवाचूनही चालतं’ असा चुकीचा धडा मनात बसतो. धास्ती मात्र वाढतच जाते. फेनिटोइनने हिरड्या सुजतात, लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, घरचे म्हणतात ‘हा पूर्वी असा नव्हता’. त्यात उदासी. फिटच्या आजारात ती इतरांपेक्षा जास्त आढळते, आणि ज्याला सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही, तो गोळीची वेळ कुठून सांभाळणार?

डॉक्टर नाही मी. पण माझ्या थोरल्या भावाला हा आजार आहे आणि त्याच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं आणल्यात. वडगावात मागावर काम करायचा. लग्न ठरलं तेव्हा वहिनीच्या माहेरी कुणी काही सांगितलं नव्हतं. फिटच्या आजाराची अट विवाहाच्या कायद्यातून १९९९ सालीच गेली, पण आमच्या आईला कायद्याचं नाही, गल्लीचं भय होतं. मग दादाने पट्टीवरचं नाव कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून सगळ्या व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सोलून कॅल्शियमच्या जुन्या बाटलीत भरल्या. ही गोळी हवेतला ओलावा ओढते, पट्टीतून ऐनवेळीच काढायची असते. बेळगावचा जुलै तुम्हाला मी सांगायला नको. पंधरवड्यात बाटलीच्या तळाशी गोळ्यांचा पांढरा, चिकट गोळा झाला. तो त्यातून नखाने तुकडा काढून घ्यायचा, कधी बाटली ठोकूनही निघाला नाही की तसाच कामावर जायचा. मागाजवळ पडला तेव्हा डाव्या हाताला खोक पडली. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी मुठीत चावी दिली.

त्या पट्टीची किंमत दादाला जड नव्हती, दुकान चार पावलांवर होतं. सांगा आता, त्याला बरं व्हायचं नव्हतं?

वहिनीला त्या दिवशी कळलं. त्यानंतर एकही गोळी चुकू दिली नाही तिने. रात्री जेवण झालं की पट्टी ताटाजवळ, सगळ्यांच्या देखत.

शेवटचं. शेजारच्या एकाने गोळ्या एकदम बंद केल्या नि तो ठणठणीत आहे, तुम्हीही करून बघा, ही तुमच्या प्रतिक्रियेतली ओळ मी काढून टाकली आहे. दोन-दोन वर्षं फिट न आलेल्या माणसाचीही गोळी डॉक्टर बघून, हळूहळू उतरवतात. एकदम बंद केली तर शुद्ध न येता एकामागून एक फिट येत राहू शकतात आणि त्यात जीवही जातो. बाकीची प्रतिक्रिया शब्दन् शब्द तशीच आहे. ही ओळ पुन्हा लिहिलीत तर पुन्हा काढेन.