‘धायटी लावा आणि विसरून जा’ या सल्ल्याविषयी

‘धायटी हे आपल्याच डोंगरांतले देशी झुडूप असल्यामुळे ते कोणत्याही मातीत, पाण्याविना आणि छाटणीविना वाढते, त्याला कीड लागत नाही आणि डोंगरावरून उपटून आणले तरी ते जगते,’ असा संदेश बागप्रेमींमध्ये फिरतो आहे. त्यातले बहुतेक दावे तपासून घेण्याजोगे आहेत.

प्रथम मातीविषयी. झाड देशी असते ते विशिष्ट अधिवासापुरते. धायटी सह्याद्रीच्या उतारांवर, मुरमाड जमिनीत वाढते आणि पाऊस कितीही कोसळला तरी तिच्या मुळांशी पाणी थांबत नाही. तीच अंगणातल्या चिकण काळ्या मातीत, सखल जागी लावली, तर भर पावसाळ्यात मुळे कुजण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी मुरूम मिसळून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे.

पाण्याविषयीचा दावा सर्वांत फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. जम धरलेली धायटी उन्हाळा सोसते, हे मान्यच आहे. परंतु डोंगरावर दिसणारे प्रत्येक झुडूप हे तगून राहिलेले झुडूप असते. त्याच्या आसपास रुजून पहिल्याच उन्हाळ्यात करपलेली रोपे आपल्या नजरेस पडत नाहीत. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळे तर खोलवर गेलेलीच नसतात. म्हणून निदान पहिले दोन उन्हाळे त्याला नियमित पाणी द्यावे आणि मगच हात आखडता घ्यावा.

छाटणी केली नाही म्हणून धायटी मरत नाही, हे खरे. पण तिच्या लांब, कमानदार फांद्या लहान बागेत वाट अडवतात. हिवाळ्यात छाटल्यास येणारा बहरच कापला जातो, तेव्हा फुले ओसरल्यावर, पावसापूर्वी छाटावे.

किडीचा दावा मात्र उलटाच आहे. स्थानिक कीटक स्थानिक झाडांवर जगतात. फुलांतल्या मधासाठी शिंजीर पक्षी यावेत, पण पानाला एकही भोक पडू नये, ही अपेक्षा मला विसंगत वाटते.

उरला उपटून आणण्याचा सल्ला. मोठ्या झुडपाची खडकाच्या फटींत शिरलेली मुळे उपटताना तुटतात. शिवाय राखीव वनातून परवानगीविना झाडे काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. त्यापेक्षा बियांपासून रोप करावे. धायटीचे बी अत्यंत बारीक असते; ते ओलसर, बारीक मातीवर नुसते पसरावे, खोल पुरू नये.